कवीचं घर पाडून ‘तसंच’ बांधावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुमच्या गावी, पणजोबांच्या धाकट्या भावाचं म्हणजे एका नामवंत मराठी कवीचं जन्मघर आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटी-पडवी, मागे न्हाणी आणि विहीर. मागच्या दोन खोल्यांत तुमच्या काकू एकट्या राहतात. छप्पर गळतंय, उत्तरेकडची भिंत बाहेर फुगलीय. ग्रामपंचायत निधी आणायला तयार आहे, पण त्यांचं म्हणणं, जुनं काढून टाकू, त्याच जागी हुबेहूब नवं बांधू, आत फरशी घालू आणि समोर पुतळा बसवू. भाऊबंद मुंबई-पुण्याला पांगलेले आहेत. तसंच बांधलं तर बिघडतं काय, आणि सरकारकडून घर ‘संरक्षित’ करून घेता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी वास्तुसंवर्धनाचं काम करतो, त्यातलं बरंचसं कोकणातल्या जुन्या घरांचं. माझं मत आधीच सांगतो. घर पाडू नका, आणि स्मारकाची घाई करू नका. छपराची घाई मात्र जरूर करा.

गावात सध्या तीन वेगळी कामं एकाच गाठोड्यात बांधली गेली आहेत. घर पडू न देणं हे पहिलं, ते या पावसाच्या आत व्हायला हवं. घर कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ताब्यात राहणार हे दुसरं, त्याला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. आणि आत लोकांना काय दाखवायचं हे तिसरं, ते सावकाश झालं तर उलट चांगलं होतं. निधी मार्चअखेर संपवायचा असतो म्हणून ही तिन्ही कामं एकदम उरकायला निघालं की पाडणं सगळ्यात सोपं वाटतं, कारण त्याचं अंदाजपत्रक एका पानावर बसतं. दुरुस्तीचं बसत नाही.

भिंत का फुगली हे लांबून सांगता येणार नाही. कोकणातल्या घरात याची दोन-तीन कारणं नेहमीची. छपराचे वासे खाली आणि बाहेर ढकलत असतात, त्यांना तुळई धरून ठेवते. तुळईचं टोक भिंतीत कुजलं किंवा वाळवीने खाल्लं की तो सगळा जोर भिंतीच्या माथ्यावर येतो. अशी भिंत वरून बाहेर कलते. पागोळ्यांचं पाणी वर्षानुवर्षं जोत्याशी मुरत असेल तर पायथा बसतो आणि भिंत मधूनच पोट काढते. कधी जवळच्या वडा-पिंपळाचं मूळ आत शिरलेलं असतं. आधी भिंत अजून हलतेय का ते बघा. भेगेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना चुन्याने किंवा प्लास्टरने चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. पावसाळा संपेपर्यंत काच तडकली नाही तर भिंत तिथेच थांबलेली आहे आणि तुमच्या हाताशी वेळ आहे. तडकली तर मात्र टेकू लावून छपराचा भार आधी उतरवावा लागेल. भिंत हाताला ढिली लागत असेल किंवा चिरे सुटायला लागले असतील तर हा प्रयोग करत बसू नका, काकूंना त्या बाजूला जाऊ देऊ नका आणि लगेच माणूस बोलवा.

आता ‘तसंच बांधू’ याबद्दल. तसंच म्हणजे कसं, हे गावात विचारून पाहा. आज दिसतं तसं, असं उत्तर येईल. पण आज दिसतं ते घर कवीने पाहिलं होतं का? तुमच्या फोटोत छपरावर चपटी मंगलोरी कौलं आहेत. ही कौलं बनवणारा बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचा पहिला कारखाना मंगळूरला १८६५ साली सुरू झाला, आणि ती कोकणातल्या खेड्यापाड्यांत सर्रास दिसायला पुढे बरीच वर्षं गेली. तुमच्या कवींचा जन्म एकोणिसाव्या शतकातला असेल तर त्यांच्या लहानपणी वर नळीची कौलं किंवा गवत असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे ‘हुबेहूब’ म्हणून जे बांधलं जाईल ते कदाचित तुमच्या आजोबांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी शाकारलेलं घर असेल. त्यात वाईट काही नाही, पण बाहेर पाटी कवीच्या जन्मघराची लागणार.

जुन्या घरात याची उत्तरं सापडतात, नव्यात सापडत नाहीत. एका घरी ओटीच्या खांबावर हिरवा ऑइलपेंट होता. पायाशी, सहसा कुणाचं लक्ष जात नाही अशा जागी, मी शस्त्रक्रियेच्या सुरीने बोटभर रुंदीचा पट्टा हळूहळू खरवडला. हिरव्याखाली पिवळट रंग निघाला, त्याखाली तपकिरी, आणि मग एकदम लाकूड, तेल पिऊन काळं झालेलं. म्हणजे त्या खांबाला मुळात रंगच नव्हता. शेजारच्या भिंतीवर तसंच केलं तर चुन्याचे पापुद्रे एकाखाली एक सुटत गेले आणि मधल्या काही थरांत नीळ घातलेली दिसली. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाई बघत उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, लग्नकार्य असलं की चुन्यात नीळ पडायची. पुढे कागदपत्रांत त्या घरातल्या लग्नाचं साल मिळालं आणि कोणता थर कधीचा याचा अंदाज बांधता आला. भिंत पाडली असती तर ही माहिती डबराबरोबर गेली असती.

तुमच्या घरातही अशा खुणा असणार. उंबरठ्याची मधली झीज, कोनाड्यावर दिव्याची काजळी, दारामागे अडसराचं भोक, माजघरातल्या खुंट्यांची उंची, माळ्यावर चढायच्या शिडीचे घासलेले दांडे. घरात माणसं कशी वावरली ते यावरून कळतं. नवीन बांधकामात सगळे उंबरठे सरळ असतात.

बाकी मुद्दा साहित्याचा. नव्या बांधकामात सिमेंट येणार हे नक्की, आणि नुसती दुरुस्ती म्हटली तरी गवंडी पहिल्यांदा सिमेंटचीच गोणी उघडेल. जांभा सच्छिद्र दगड आहे. जमिनीतली ओल तो वर ओढतो आणि भिंतीच्या पृष्ठभागातून ती वाळून जाते. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ती आणखी वर चढते, गिलावा जिथे संपतो तिथे लोणा फुटतो, आणि सिमेंटच्या आत चिऱ्याचा भुगा होत राहतो. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, म्हणून उलट लक्षात उशिरा येतं. सांधे चुन्यात भरा, गिलावा चुन्याचा ठेवा किंवा चिरा उघडाच राहू द्या. चुना निदान काही आठवडे पाण्याखाली मुरलेला असावा. पिशवीतली कोरडी पावडर पाण्यात कालवून दुपारी लावली असं नको. प्लास्टिक पेंट आतल्या भिंतींनाही नको, चुन्याची सफेदी पुरे.

लाकडाचंही तसंच. खांबाचा पाय कुजला म्हणून अख्खा खांब फेकायचा नसतो. कुजका भाग कापून, शक्यतो त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा खाच पाडून जोडता येतो. कोकणातले जुने सुतार हे काम उत्तम करतात, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो आणि मजुरी रोजावर ठरवावी लागते. छप्पर उतरवताना प्रत्येक वाशाला, तुळईला पत्र्याचा नंबर ठोका आणि तोच नंबर नकाशावर लिहा. खडूने लिहिलेले आकडे पहिल्या पावसात जातात.

फरशीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल घातली की घर संपलं असं मी समजतो. पण सारवण टिकवायचं तर आठवड्याला कुणीतरी ते करायला हवं, आणि स्मारक झाल्यावर ‘कुणीतरी’ या नावाची बाई गावात सापडत नाही. त्यामुळे सगळ्या घराला सारवणाचा हट्ट धरू नका. माजघर आणि ओटी सारवलेली ठेवा, तेवढ्याचं रोजंदारीचं काम नीट पैसे देऊन लावा. पायऱ्या, पडवी, वर्दळीची वाट जांभ्याच्या चिऱ्यांची करा. जोतं उंच आहे, तेव्हा एका बाजूने लाकडी उतार लागेल. तो घराला न जोडता, उचलून ठेवता येईल असा करा. स्वच्छतागृह घरात अजिबात नको, आणि विहिरीपासून लांब.

दाखवायचं काय, हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो आणि गोंधळही इथेच जास्त होतो. पहिली गोष्ट, हे कोणतं घर आहे ते प्रामाणिकपणे ठरवा. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर जपलं आहे. पण केशवसुतांचं शिक्षण आणि मास्तरकी यांत खेडपासून बडोदा, नागपूर, पुणे, मुंबई, फैजपूर, धारवाड एवढी गावं झाली आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने ते गेले. त्यांची कविता मुख्यतः या भटकंतीतली. जन्मघर पाहणाऱ्याला तिथे कवितेचं टेबल सापडणार नाही, सापडेल ते, ज्या घरातून कवी बाहेर पडला ते घर. तुमच्या कवींनी या घरात किती वर्षं काढली? सुटीत येऊन लिहीत होते का? दहा वर्षांचे असताना गाव सोडलं असेल तर माजघरात लिहिण्याचं डेस्क, त्यावर दौत आणि टाक मांडून ठेवणं म्हणजे थाप मारणं आहे.

यावरून जुन्या सामानाचा मुद्दा. ‘त्या काळातलं’ म्हणून चोरबाजारातून आणलेला पलंग, कंदील, ग्रामोफोन घरात भरू नका. घरातलं खरं सामान चार वस्तूंचं असेल तर चारच ठेवा. रोममध्ये इंग्रजी कवी जॉन कीट्स ज्या खोलीत १८२१ साली क्षयाने वारला, तिथलं सामान तेव्हाच्या संसर्गाच्या नियमांप्रमाणे जाळून टाकलं गेलं. त्या खोलीत त्याच्या वेळचं वरचं नक्षीदार छत उरलं आहे. तरी लोक जातात आणि मान वर करून तेच छत बघतात, कारण शेवटी त्यानेही तेच पाहिलं असणार. एक खरी वस्तू आणि तिच्याबद्दल खरी माहिती एवढं पुरतं.

उलटं उदाहरण बहिणाबाई चौधरींचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या त्यांनी म्हटल्या आणि घरच्यांनी लिहून घेतल्या. तिथे हस्ताक्षरांची वही शोधण्यात अर्थ नाही, जातं, सूप, शेतीची अवजारं हाच त्यांच्या कवितेचा ऐवज. जळगावच्या त्यांच्या घरी रोजच्या वापरातल्या अशाच वस्तू जपल्या आहेत. तेव्हा तुमच्या घरात काय मोलाचं आहे हे कवी कसा होता यावर अवलंबून आहे. न्हाणीतला दगड कदाचित ट्रंकेतल्या मानपत्रांपेक्षा जास्त बोलका असेल.

ट्रंक म्हटल्यावर आठवलं, तुम्ही लिहिलंय की माळ्यावर वह्या आणि पत्रं आहेत. ती आजच खाली घ्या. लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, ऊनही दाखवू नका. नरम ब्रशने धूळ आणि कसर झटका, प्रत्येक पान फोनने सरळ वरून फोटो काढून ठेवा, मग आम्लरहित कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. अशा घरात मूळ हस्तलिखितं काचेच्या पेटीत मांडणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. अस्सल कागद एखाद्या चांगल्या अभिलेखागारात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात लेखी करार करून ठेवा आणि घरात चांगल्या प्रती लावा. कागदावर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) पुढे नसावा असा संग्रहालयांचा दंडक आहे, आणि कौलांतल्या काचेतून येणारा उन्हाचा एक कवडसा त्याच्या कितीतरी पट असतो.

चोरीचाही विचार करा. शांतिनिकेतनच्या संग्रहालयातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक २००४ साली चोरीला गेलं. कर्नाटकात कुप्पळ्ळीला कन्नड कवी कुवेंपूंचं घर फार सुंदर जपलंय, तिथून २०१५ साली त्यांच्या पद्म पुरस्कारांची पदकं गेली. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे होतं, तर तुमच्या गावात रात्री घराला एक कुलूप असणार. पदकं, चांदीच्या वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि घरात प्रतिकृती मांडून तसं लिहा.

भिंतींवर कविता रंगवायची कल्पना चांगली आहे, पण हक्क बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. केशवसुत, बालकवी कधीच खुले झाले, मर्ढेकर १९५६ साली गेले म्हणून २०१६ संपल्यावर खुले झाले. बोरकर १९८४ साली गेले, त्यांचा हक्क २०४४ अखेरपर्यंत आहे. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापल्या गेलेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. तुमचे कवी गेल्याला साठ वर्षं झाली नसतील तर हक्क वारसांकडे आहे की प्रकाशकाकडे ते आधी शोधा. नातं आहे म्हणून परवानगी आहे असं होत नाही.

आता ‘संरक्षित’चं. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याला वास्तू किमान १०० वर्षं जुनी लागते, शिवाय राष्ट्रीय महत्त्वाची ठरावी लागते. तुमच्या घराची ती वाट नाही. राज्याचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय राबवतं, प्रस्ताव त्यांच्याकडे जाऊ शकतो. पण दोन गैरसमज काढून टाका. संरक्षित झालं म्हणजे सरकार लगेच दुरुस्ती करून देईल असं नाही, रांग मोठी आहे. आणि त्यानंतर खिळा ठोकायचा तरी परवानगी लागेल, काकूंच्या स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा असला तरीसुद्धा. माझा सल्ला, आधी घर सावरा, कागद नीट करा, मग प्रस्तावाचं बघा.

कागद म्हणजे मालकी. मिळकतीच्या उताऱ्यावर आज कुणाची नावं आहेत? बहिणी, आत्या, त्यांची मुलं यांच्या वारसनोंदी झाल्यात का? कोकणात निम्म्या घरांच्या उताऱ्यावर अजून पणजोबाच जिवंत असतात. एक चुलतभाऊ नाही म्हणाला तर सगळं अडतं, आणि तो बहुधा उद्घाटनाची पत्रिका छापल्यावर नाही म्हणतो. सगळ्यांची संमती होत असेल तर सार्वजनिक न्यास नोंदवून त्याला नोंदणीकृत बक्षीसपत्राने घर द्या. न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हा तुमच्या दृष्टीने फायदाच. मालकी सोडायला कुणी तयार नसेल तर दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा करा. आणि सगळं घर मिळालं नाही तरी अडून बसू नका. दिल्लीत बल्लीमारानच्या गल्ली कासिम जानमध्ये गालिबचं जे घर लोक पाहतात तो मूळ हवेलीचा एक तुकडाच आहे. तुमच्याकडे ओटी, माजघर आणि देवघर एवढं एका हाती आलं तरी काम होतं.

वापर बदलायची परवानगी हाही कागदच. लंडनला डॉ. आंबेडकर राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केलं, पण निवासी घराचं संग्रहालय करायची स्थानिक नियोजन परवानगी नव्हती म्हणून वाद झाला आणि ती २०२० साली मिळाली. सरकारलाही हे चुकलं नाही. तुमच्याकडे ग्रामपंचायतच पुढाकार घेतेय, तर ठराव, नोंद आणि वाहनतळाची जागा हे सुरुवातीलाच लेखी घ्या.

ग्रामपंचायतीला दुखवायचंही नाही, कारण उद्या रस्ता, पाणी, वीज तेच देणार आहेत. त्यांना नवीन काहीतरी बांधायचंच असतं, मग ते बांधू द्या, फक्त घराच्या जागी नको. मालगुंडला केशवसुतांचं घर वेगळं आहे आणि त्याच आवारात ग्रंथालय, आधुनिक मराठी कवींचं दालन वेगळं. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या या स्मारकाचं उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झालं. पंचायत सदस्यांना एकदा तिथे घेऊन जा, माझ्या दहा परिच्छेदांनी होणार नाही ते काम होईल. सभागृह, पुतळा, देणगीदारांची पाटी हे सगळं तुमच्या आवाराच्या रस्त्याकडच्या टोकाला बसू शकतं. घरासमोरचं खळं आणि तुळशीवृंदावन मोकळं राहिलं पाहिजे.

काकूंना हलवू नका. गावातल्या कुणीतरी ‘त्यांची सोय दुसरीकडे करू’ असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून मुद्दाम सांगतो. कोकणात बंद घर दोन पावसाळ्यांत खचतं. राहत्या घरात चुलीचा धूर वाशांना लागतो, वाळवीचा माग दिसला की कुणीतरी झाडू मारतं, कौल सरकलं की त्याच रात्री कळतं. मागच्या दोन खोल्या त्यांच्या हयातीपर्यंत त्यांच्याच, असं करारात लिहा. पुढचा भाग उघडायच्या वेळा त्यांना विचारून ठरवा. त्यांची इच्छा असेल तर देखरेखीचं मानधन द्या, फुकट राबवू नका. आणि त्यांच्याकडून घराची माहिती आत्ताच रेकॉर्ड करून घ्या. कोणती खोली कधी वाढवली, विहिरीला कठडा कधी आला, कवी गावी आले की कुठे झोपायचे, असले प्रश्न विचारा. कवितेबद्दल विचारू नका, त्या संकोचतील.

खर्चाचं सांगायचं तर, उद्घाटनासाठी पैसे मिळतात आणि शाकारणीसाठी मिळत नाहीत. दरवर्षी पावसाआधी कौलं परतणं, पन्हळी साफ करणं, वाळवीची पाहणी, दर दोन-तीन वर्षांनी चुना, एवढ्याची तरतूद न्यासाच्या ठेवीच्या व्याजातून व्हायला हवी. मिळणाऱ्या पैशातला ठरावीक हिस्सा ठेवीत जाईल हे न्यासाच्या घटनेतच घाला, नाहीतर तो पुतळ्यात जातो.

या मे महिन्यात एवढंच करा. सगळ्या खोल्यांचे, चारही भिंतींचे, छपराचे आतून फोटो काढा आणि मापं घेऊन साधा नकाशा काढा. फुटकी कौलं बदला. ज्या भागाची तुळई संशयास्पद आहे त्यावर ताडपत्री घाला आणि आतून टेकू द्या. पागोळीचं पाणी जोत्यापासून दूर नेणारा चर खणा, त्यात उत्तरेकडची बाजू आधी. भिंतीलगत रचलेली लाकडं आणि मातीचा ढीग हलवा. भेगेवर काच लावा. पुढचं ऑक्टोबरमध्ये बघू, तोवर काच काय सांगते ते कळवा आणि तुळईच्या दोन्ही टोकांचे जवळून काढलेले फोटो पाठवा, म्हणजे लाकूड वाचवता येण्यासारखं आहे की नाही ते सांगतो.